पालकाच्या जागी मालक

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. गेले दोन महिने दहिवलीत जो तो मला बघून गालातल्या गालात हसतोय. दूध घ्यायला गेलो तर डेअरीवालासुद्धा "काय जगदीशभाऊ, नवीन स्थळ?" म्हणून विचारतो. शेवटी लिहायलाच बसलो. वाचा आणि तुम्हीच निवाडा करा.

मी कर्जतच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. वीस वर्षं झाली. फावल्या वेळात लोकांना छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून देतो, तेही फुकट. त्यामुळे वधू-वर मेळाव्यासाठी भाग्यश्रीताईंनी मलाच बोलावलं, यात नवल काही नव्हतं. ताईंचा मेळावा इतरांसारखा नसतो. त्यात जातीचा रकाना नाही, पत्रिका नाही, फोटोसुद्धा नाही. तोंड बघून माणूस ठरवायचा नाही, असा त्यांचा नियम. नाव, पालक, शिक्षण, नोकरी, उंची, स्वभाव आणि फोन नंबर वाचायचा, पटलं तर भेटायचं.

हॉलमध्ये दोन मशिनं असणार होती. ताईंच्या मंडळाच्या कॉम्प्युटरवर मुलांकडच्यांनी मुलींची यादी बघायची, आणि मंडळातल्या निलेशच्या लॅपटॉपवर मुलीकडच्यांनी मुलांची. कॉम्प्युटरवर होतं विंडोज, लॅपटॉपवर लिनक्स. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. शेजाऱ्याची किल्ली आपल्या कुलपाला लागत नाही, तसंच. म्हणून मी दोन्हींसाठी वेगवेगळे प्रोग्रॅम लिहिले. पण दोन फायली द्यायच्या म्हटलं की मंडळातले लोक हमखास घोळ घालणार. मी इंटरनेटवरून एक युटिलिटी शोधून काढली. अगदी फुकट. विंडोजचा प्रोग्रॅम द्या, लिनक्सचा द्या, ती दोन्ही जोडून एकच फाईल करून देते. ती फाईल ज्या मशिनवर उघडाल, त्या मशिनचा भाग चालू होतो. मी जोडून टाकली, मंडळाच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, झकास चालली.

दोन्ही मशिनवर चालवून बघितलं का, असं बायकोनं, संध्यानं विचारलं. मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा होते.

"पण पातेली दोन आहेत ना?" ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. लॅबमध्ये वीस वर्षं मी काढली होती, तिनं नव्हे.

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी मी माथेरानच्या कमळाकर घोडेवाल्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचे आणि त्याच्या सोबत्यांचे मिळून पंधरा घोडे. त्यांची नोंद ठेवायची होती, म्हणून सगळी यादी मी प्रोग्रॅमच्या आतच भरून दिली होती. कमळाकरचा लॅपटॉप लिनक्सवाला. त्या प्रोग्रॅमचं नाव मी ठेवलं होतं 'नोंदणी'. मेळाव्याच्या प्रोग्रॅमचं नावही 'नोंदणी'च. मराठीत नोंदणीला नोंदणी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? युटिलिटीला मी मेळाव्याची विंडोज नोंदणी दिली आणि घोड्यांची लिनक्स नोंदणी. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. जोडून मोकळी झाली.

मेळाव्याच्या दिवशी मी मंडळाच्या कॉम्प्युटरपाशी उभा राहून लोकांचं कौतुक स्वीकारत होतो. लॅपटॉप हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथून अधूनमधून तक्रारी यायच्या, त्या मी जागेवरूनच निकालात काढत होतो. कुणी म्हणालं, पालकाच्या जागी 'मालक' छापलंय. मी म्हटलं, टायपिंगची चूक, समजून घ्या. कुणी म्हणालं, शिक्षण दिसत नाही. मी म्हटलं, खाली सरकवा. एक बाई मात्र चांगल्याच चिडल्या होत्या. सगळी पोरं पावणेपाच फुटांची कशी, आणि सगळी माथेरानचीच कशी? मी त्यांना समजावलं, की डोंगरातली माणसं ठेंगणी असतात पण काटक असतात.

चार पावलं चालून गेलो असतो तर? असं आता सगळेच म्हणतात.

खरी बारा मुलं नवे शर्ट घालून भिंतीशी बसून होती. त्यांच्याकडे एकही मुलीकडचं माणूस फिरकलं नाही. दुपारपर्यंत मुलांच्या आयांनी भाग्यश्रीताईंना घेरलं. आमची पोरं काय रस्त्यावर पडलीत का, असं त्यांचं म्हणणं. ताईंना काही उमगेना. त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि मेळावा आटपला.

खालापूरकडच्या एका गावातले आबाजी मात्र खुशीत घरी गेले. त्यांची मुलगी ऋतिका खोपोलीत नर्स आहे. रंग सावळा. दोन स्थळांनी नुसता फोटो बघून नकार कळवला होता. त्यानंतर तिनं कुणाला फोटो पाठवायचाच नाही असं ठरवलं. या मेळाव्याला ती आली ती केवळ इथं फोटो नसतो म्हणून. आबाजींनी आणि त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, लॅपटॉपवर एक नोंद निवडली होती. नाव सूरज. सेवेत २०१९ पासून. लसीकरण पूर्ण. स्वभाव गरीब, गर्दीला बुजत नाही, लहान मुलांना चालतो. सेवेत म्हणजे कायम नोकरी, हे आबाजींना आवडलं. लसीकरण ऋतिकाला आवडलं. उंची कमी आहे, पण माणूस उंचीनं मोठा होत नाही, असं सुंदराबाई म्हणाल्या.

आबाजींनी फोन लावला. तो उचलला अर्थातच कमळाकरनं. घोडा बघायला गिऱ्हाईक आलंय, असं त्याला वाटलं. पुढचं बोलणं मला नंतर दोघांकडूनही कळलं.

"सूरज तुमचाच ना?" आबाजींनी विचारलं.

"माझाच. लहानपणापासून मीच वाढवलाय."

"स्वभावानं कसा हाय?"

"लई गरीब. आजवर कुणाला लाथ मारली नाय."

माणूस सरळ दिसतोय, असं आबाजींना वाटलं. त्यांनी खोडी विचारल्या. माकडांना बिचकतो आणि उतारावर घाई करत नाही, एवढ्याच खोडी, असं कमळाकरनं सांगितलं. दारूचं विचारल्यावर त्याला राग आला. मी स्वतः शिवत नाही, तर तो कुठून पिईल, असं त्यानं सुनावलं. हे उत्तर आबाजींना फारच पटलं.

"मंग पोरीला घेऊन येऊ का?"

"या की. ताईंना बसवून एक चक्कर मारू द्या. जमलं तर ठरवा."

नव्या विचारांची माणसं आहेत, मुलगा आधी मोटरसायकलवरून फिरवणार, असं आबाजींनी घरी सांगितलं.

मध्यस्थ म्हणून मला गाडीत पुढची सीट दिली होती. नेरळवरून घाट चढेपर्यंत मी सगळ्यांना माझ्या युटिलिटीबद्दल सांगत होतो. दस्तुरी नाक्याला गाडी थांबली, तिथून पुढे माथेरानात गाड्यांना बंदी आहे. सुंदराबाईंच्या हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. समोर कमळाकर उभा, शेजारी एक तांबूस घोडा. आयाळ विंचरलेली, गळ्यात लाल गोंडा.

कमळाकरला बघितल्यावर मला घोड्यांची नोंदणी आठवली आणि मी दोन पावलं मागे सरकलो. तोवर आबाजी पुढे झाले होते. त्यांनी रामराम केला आणि मुलगा कुठंय म्हणून विचारलं. कमळाकरनं घोड्याच्या मानेवर थाप मारली.

"ह्यो काय, सूरज."

आबाजी घोड्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नजर आमच्या दोघांमध्ये बऱ्याच वेळा फिरली.

"जगदीशभाऊ, माझ्या पोरीला तुमी घोडा दावला?"

मी सांगितलं की दोष माझा नाही, दोष युटिलिटीचा.

"ती कोण बाई?" सुंदराबाईंनी विचारलं.

मी समजावू लागलो. दोन प्रोग्रॅम, एक फाईल, विंडोज, लिनक्स. बोलता बोलता मला जाणवलं की माझं कुणी ऐकत नाही. कमळाकरही भडकला होता. त्याच्या सूरजला मेळाव्यात उभा केला आणि त्याला विचारलंही नाही, म्हणून. इतक्यात ऋतिका रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, ओढणीनं डोळे पुसले, उठली आणि कमळाकरला म्हणाली, "काका, चक्कर ठरलीय ना? बसवा मला."

तिला नको म्हणायची आबाजींची छाती झाली नाही. कमळाकरच्या पोऱ्यानं लगाम धरला आणि घोडा झाडांच्या आड गेला. आम्ही चौघं नारळ आणि पेढे धरून उभे. कमळाकर मला एकदाच म्हणाला, की माझ्या प्रोग्रॅममधलं आता काही बदलू नका. वीस मिनिटांनी ती परत आली. घोडा खरंच उतारावर घाई करत नव्हता.

"बाबा," ती उतरत म्हणाली, "आजवरच्या स्थळांत हाच एक निघाला, ज्यानं माझा रंग नाय विचारला."

 आबाजींनी तिच्या हातावरची धूळ आपल्या उपरण्यानं झटकली. मग पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा तिला दिला. मला दिला नाही.

घरी येऊन मी युटिलिटी बनवणाऱ्या माणसाला सणसणीत पत्र पाठवलं. तो कुठल्यातरी परदेशात राहतो. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तुम्ही ज्या दोन फायली दिल्यात त्याच मी जोडतो, कोण कोण आहे ते तुम्हीच बघायला हवं, असं त्यानं नम्रपणे लिहिलं होतं. संध्याला वाचून दाखवलं. तिला तो माणूस फार समंजस वाटला. माझ्यासमोर माझ्या घरात तिनं एका परक्याची बाजू घेतली.

भाग्यश्रीताईंनी मेळावा पुन्हा भरवला. ऋतिका आली होती. या वेळी तिनं यादी न बघता भिंतीशी बसलेल्या मुलांना स्वतः प्रश्न विचारले. मिलिंद नावाच्या एका शिक्षकाशी तिचं बरंच बोलणं झालं. पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक.

मंडळानं आता कॉम्प्युटर बंद केलाय. नोंदी वहीत ठेवतात. पण माझा अनुभव वाया जाऊ नये म्हणून ताईंनी आठवणीनं मला बोलावलं आणि काम दिलं. वहीत रकान्यांच्या रेघा मी आखायच्या. पेन घेऊन बसलो, तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं आणि पेन्सिल दिली.