हनीफचाचांची कात्री

आमच्या आळीत गुलाबाचं फूल हा चावट विषय होता. याला जबाबदार एकच माणूस, आमचे शेजारी हनीफचाचा.

खोपोलीत केबल नवीन आली तेव्हा आमच्या भागाची केबल चाचा चालवायचे. यंत्रं त्यांच्या पुढच्या खोलीत. रोज दुपारी ते एक सिनेमा लावत आणि स्वतः बटणावर बोट ठेवून बसत. नायक-नायिका प्रमाणाबाहेर जवळ आले की चाचा बटण दाबायचे आणि आळीतल्या सगळ्या टीव्हींवर एक गुलाबाचं चित्र यायचं. धोका टळला की गुलाब जायचा. शाळेत बाईंनी 'माझे आवडते फूल' हा निबंध घातला तेव्हा अर्धा वर्ग तोंडात रुमाल कोंबून बसला होता. बाईंना शेवटपर्यंत कारण कळलं नाही.

कुणी तक्रार केली तर चाचांचं उत्तर ठरलेलं. "समाजाला झेपलं पायजे रं!"

आता ती केबल गेली, पण चाचांची नोकरी त्यांच्या डोक्यात चालूच आहे. एका जागी बसणं त्यांना जमत नाही. चहा उभ्याने, पेपर फेऱ्या मारत, आणि बोलताना हातात चाव्यांचा जुडगा खुळखुळत असतो. स्टँडवर कुणी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला दिसला की हे मागून वाकून बघणार. "काय बगतो? झेपतंय ना?"

मागच्या वर्षी एका भुताच्या सिनेमावर बंदी आली. त्यातला थोडा भाग जवळच्याच पोशीर गावच्या शेतात घेतलेला, त्यामुळे कर्जत-खालापुरात हा घरचाच प्रश्न झाला. चहाच्या टपरीवर रोज सकाळी दोन तट. एक म्हणे, बरं झालं, पोरं बिघडली असती. दुसरा म्हणे, आम्ही काय बघायचं ते साहेब लोक कोण ठरवणार? चाचा दोघांवरही भडकलेले.

"बंदी म्हंजे आळस हाय," ते टपरीला फेऱ्या घालत म्हणाले. "अख्खा सिनेमा कुलपात घालता? अरं, बसा, बगा, जितं दुखतंय तितं कापा! मेहनत नको यांना."

थोड्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ मंदार तो सिनेमा पेनड्राइव्हवर घेऊन आला. कुठून, ते आम्ही विचारलं नाही. चाचांना मात्र वास लागला. शनिवारी दुपारी ते दारात हजर.

"आदी मी बगतो. मग तुमी बगा."

शेवटी सगळ्यांनी मिळूनच पाहायचं ठरलं. आम्ही कोचावर, चाचा कोचामागे येरझाऱ्या घालत. रिमोट त्यांच्या हातात. पडद्यावर मुंडकी उडत होती, विहिरीतून हात वर येत होते, मी उशीआडून बघत होतो आणि चाचा शांत.

"रंग हाय तो. सोड." मग भुताकडे निरखून बघत, "हिला कुणी जेवाया घातलेलं दिसत नाय."

मग एक साधा प्रसंग आला. एक लहान मुलगी उंबऱ्यावर बसून भाकरी खातेय. तिचा मामा तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणतो, "आई गावाला गेलीय. येईल हां."

टीव्ही बंद.

"हे कापा," चाचा म्हणाले.

"अहो चाचा, यात रक्त नाही, भूत नाही!"

"कापा म्हनतो ना!"

चाचांचं हे जुनंच होतं. केबलवरही ते मारामाऱ्या पूर्ण दाखवत, आणि खाटेवर कुणाची आई पडलेली, डॉक्टर चष्मा काढतोय, एवढ्यात गुलाब! डॉक्टरने चष्मा काढून पुढे काय सांगितलं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

पण मंदार चिडला. "माणसं कापली तेव्हा गप्प होतात. बंदीवाल्यांना नावं ठेवता आणि स्वतः तेच करता? आम्ही काय बघायचं ते तुम्ही कोण ठरवणार?"

चाचांनी रिमोट टेबलावर ठेवला. निघून गेले, तेही चपला न घालता.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी रुबिना पनवेलहून आली होती. चपला न्यायला ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिला सगळा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही. पायरीवर बसली.

"दादा, माझी अम्मी दवाखान्यात वारली ना, तेव्हा अब्बांनी मला सांगितलं, ती पोशीरला नानीकडे आराम करतेय. मी लहान होते. दिवसभर यंत्रांच्या खोलीत त्यांच्या पायाशी बसून सिनेमे बघायचे. सिनेमात आई मेलेली पाहिली तर हिला कळेल, अशी त्यांना धास्ती."

रुबिना उठली आणि चाचांना हाताला धरून घेऊन आली. मंदारला म्हणाली, "काल थांबवलंत तिथूनच लाव."

पडद्यावरची ती छोटी मुलगी उंबऱ्यावर आली. चाचांचा हात रिमोटकडे गेला. रुबिनाने तो वरच्यावर धरला.

"राहू द्या, अब्बा. मला माहीत होतं."

"काय?"

"अम्मीचं. शाळेत पोरींनी सांगितलं होतं. तेव्हाच."

चाचा तिच्याकडे वळले. "मग रोज सांजचं इचारायचीस ते? अम्मी काय करते म्हनून?"

"तुम्ही सांगायचात ना. आज तिने कोंबड्यांना दाणे टाकले, आज कुरडया वाळत घातल्या, आज नानीशी भांडली..." रुबिनाने त्यांचा हात सोडला नाही. "तुम्ही सांगत असायचात तेवढा वेळ ती असायची, अब्बा."

पुढे पडद्यावर बरंच काही झालं असावं. किंकाळ्या ऐकू येत होत्या. आमच्यापैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

चाचांनी नाक पुसलं.

"भांडायची ते मातर खरं हाय गं," ते म्हणाले. "तुझ्या नानीशी लय भांडायची."