नानांची ग्रेटेस्ट हीट

नानांना इंग्रजी येतं ते ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं तेवढं. हॉर्न, ओके आणि प्लीज. एवढ्या भांडवलावर ते रोज संध्याकाळी ओट्यावर टेप लावून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला इंग्रजी आख्यानाचा अर्थ सांगतात. मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून, आणि जळगावातल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. पण आमच्या गल्लीत इंग्रजीची शंका आली तर लोक नानांकडे जातात. नाना ठासून सांगतात. मी म्हणते, संदर्भ बघावा लागेल. संदर्भ बघणाऱ्या बाईला कोण विचारतो?

कॅसेट एकच. विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या रॉक बँडची गाजलेली गाणी कंपनीने निवडून एकत्र केलेली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘ग्रेटेस्ट हिट्स’. नानांनी ते कधीतरी कुणाकडून वाचून घेतलं आणि त्यातला ‘हिट’ त्यांच्या तोंडात ‘हीट’ झाला.

“हीट म्हंजे काय, मॅडम? उष्मा. ग्रेटेस्ट हीट म्हंजे बठ्ठास्मा मोठा उष्मा. हाई गोष्ट मे महिनानी शे.”

जळगावात राहून यावर काय बोलणार? मे महिन्यात दुपारी आमच्या टाकीतलं पाणी नळाला येतं, ते थेट चहाला चालतं. गोऱ्या लोकांनी उष्म्यावर दोन बाजू भरून गाणी केली यात नानांना काहीच नवल वाटत नव्हतं. नवल एवढंच, की आपल्याकडच्या कुणी ती आधी का केली नाहीत.

ही सुटी सुटी गाणी आहेत, हे त्यांच्या मनातसुद्धा येत नसे. नाना मूळचे भडगावकडचे. त्यांचे वडील वहीगायन करायचे. डफ घेऊन उभं राहायचं आणि एकच कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत गायची. मधलं एखादं पद गाळलं तर ऐकणारे उठून भांडायचे. त्यामुळे कॅसेट म्हणजे आख्यान, पहिलं गाणं म्हणजे सुरुवात आणि शेवटचं गाणं म्हणजे शेवट, हा नानांचा हिशेब पक्का. कॅसेटच्या कागदावर चार लांब केसांचे गोरे भिंतीला टेकून उभे आहेत. नानांनी त्यांना कामं वाटून दिलीत.

“हाऊ बाप. देखा, कसा खांबसारखा उभा शे. हाऊ पोऱ्या. हाऊ काका, काडी लावणारा.”

“आणि हा चौथा?”

“हाऊ क्लीनर,” नाना म्हणाले. क्लीनरशिवाय कुठलीही गोष्ट पुढे जाईल, हे तीस-पस्तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला पटणारच नाही.

तर कथा अशी. पहिल्या गाण्यात पोरगा म्हणतो, मला इथे राहायचं नाही. दुसऱ्यात दोघं हमरीतुमरीवर येतात. त्या गाण्यात मध्येच शब्द थांबतात आणि दोन गिटारी एकमेकींच्या अंगावर धावून जातात. नाना हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. “आते आयका. हाऊ बाप बोली राहिना… हाऊ पोऱ्या उलटी बोली राहिना…”

“कोण जिंकतं, नाना?”

“घरना भांडणमा कोन जिंकस, मॅडम?”

तिसऱ्या गाण्यात पोरगा ट्रकमध्ये बसून निघून जातो. ट्रकच कशावरून? ढोल ऐका ना! “हाऊ बऱ्हाणपूरना पुढला रस्ता शे. खड्डा मोजा.” मग बाजू बदलायची. दुसऱ्या बाजूला एक संथ, रडवेलं गाणं आहे, ती त्याची माय. त्यानंतरच्या दोन गाण्यांत तो शहरात भटकतो, वाईट संगत लागते, क्लीनर त्याला समजावतो. एकदा एका गाण्यापाशी टेप अडकली. दुरुस्तीवाले रफिकभाई म्हणाले, “नाना, कंपनी मर गई, मशीन मर गई, आप कब छोडोगे?” नाना म्हणाले, पोरगा अजून शहरातच आहे, असा अर्ध्यावर कसा सोडू? रफिकभाईंनी मुकाट्याने नवीन पट्टा बसवून दिला.

आणि शेवटचं गाणं. त्यात खूप माणसं एका आवाजात ओरडतात, “येऽ, येऽ, येऽ!”

नाना इथे ताठ बसायचे. “आख्खं गाव बोलाई राहिनं त्याले. ये रे, ये! गोरास्नी भाषामा बी ‘ये’ले ‘ये’च म्हंतस, देखा.”

आता ते ‘ये’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘यस’चं सैल रूप आहे, हे मला ठाऊक. नुसतं हो, हो. कशालाही हो. पण नानांच्या अर्थात एका पोराला अख्खं गाव हाका मारत होतं आणि माझ्या अर्थात चार लांब केसवाले उगाचच माना डोलावत होते. मी आयुष्यभर दुसऱ्या प्रकारच्या अर्थाला मार्क देत आले आहे. त्याने कुणाचं भलं झालेलं मला दिसलं नाही.

“मग पुढे?” कुणीतरी विचारायचंच.

“पुढे काय! उना ना घर.” पोरगा घरी आला, गोष्ट संपली. खट्कन टेप बंद. नाना उठून भात टाकायला आत जायचे. एकट्याचा भात.

नानांचा मुलगा मनोज बंगळूरला असतो. असतो म्हणजे बारावीनंतर गेला तो गेलाच. नाना सावद्याहून दिल्लीला केळी न्यायचे. केळं थांबत नाही, त्यामुळे नानाही कधी घरी थांबले नाहीत. पोरगा मायजवळ वाढला. एकदा जेवताना तो म्हणाला, तुमच्या अंगाला पिकल्या केळ्यांचा वास येतो, माझे मित्र हसतात, मला इथे राहायचं नाही. नाना म्हणाले, “जाय. मांगे वळीसन देखू नको.” बापाचं एवढं एकच वाक्य मनोजने आयुष्यात तंतोतंत पाळलं. आज्ञाधारक मुलगा! आई गेली तेव्हा तेराव्याला आला होता. एका मांडीवर लॅपटॉप होता.

कॅसेट त्याच्या गादीखाली सापडली, तो गेल्यावर. नाना ती ट्रकमध्ये घेऊन गेले आणि दिल्लीपर्यंत ऐकत राहिले. मग परतताना. मग दर खेपेला. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता.

“पोऱ्या बापले काही सांगे नही, टेपले सांगे. म्हनीसन मी टेपले इचारं.”

टेपने उत्तर दिलं होतं, की तो येईल. शेवटच्या गाण्यात येईल. नाना ट्रक सोडून घरी बसले ते याच भरवशावर.

मला हे आख्यान खरं म्हणजे कधी आवडलं नाही. मी घरी राहिलेली मुलगी आहे. आईचं सगळं केलं, आता घराला कुलूप लावायला तरी कुणी असावं म्हणून राहते. घरी राहिलेल्यांवर कुणी गाणी करत नाही. सगळा डफ परत येणाऱ्यांसाठी वाजतो. असो.

गेल्या डिसेंबरात मनोजचा फोन आला. ऑफिसातल्या कुणाचं तरी जळगावात लग्न होतं, जेवण आटोपून तासभर घरी डोकावणार होता. नानांनी सकाळीच अंगणात कापसाच्या काड्या पेटवल्या, हिरवी-पांढरी वांगी भाजली, मिरच्या भाजल्या, ठेचून एवढं पातेलंभर भरीत केलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी थापून दिल्या. नवीन बंडी घालायच्या आधी नानांनी दोनदा साबण लावून अंघोळ केली. मला काय ते कळलं. मी तोंड फिरवून भाकरी उलटली.

मनोज आला. चांगला दिसत होता, जाडजूड झाला होता. वाकून पाया पडला. भरीत बघून म्हणाला, “अरे वा! पण लग्नात पोटभर झालंय हो, नाना.” गाडीवाला बाहेर गाडी चालूच ठेवून उभा होता.

नानांनी ताट सरकवून ठेवलं आणि टेप लावली. त्या दिवशी त्यांनी आख्यान सांगितलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. भांडणाच्या जागी आवाज चढवला नाही. उलट म्हणाले, “अठे बापनी चूक शे. बाप जास्तीना बोलना.” शेवटच्या गाण्याला ‘येऽ, येऽ’ सुरू झालं तेव्हा ते टेपकडे बघतच नव्हते, मुलाकडे बघत होते.

मनोज हसला. वाईट नाही हसला, प्रेमानेच हसला. तेच वाईट.

“नाना, अहो ते ‘ये’ नाही. ‘हो’ म्हणतात ते. आणि ही गोष्टबिष्ट नसते. बेस्ट ऑफ असतं हे. वेगवेगळ्या वर्षांची गाणी कंपनी एकत्र करते, खपावी म्हणून. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो.” मोबाइल काढून त्याने काहीतरी शोधलं. “हे बघा, हे शेवटचं गाणं तर त्यांचं सगळ्यात पहिलं आहे. आणि तुमचं ते पहिलं गाणं कितीतरी नंतरचं.”

नाना विचारात पडले. “म्हंजे पयले घर उना, मंग गया?”

“तसंच समजा,” मनोज म्हणाला, आणि पुन्हा हसला.

“पन हाई कॅसेट तर तुनीच शे ना? तुना गादीखाले सापडनी.”

मनोजने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. “माझी? छे! मी असलं कुठे ऐकायचो? पंकजची असेल. द्यायची राहून गेली असेल.” मग त्याने कॅसेटचा, टेपचा आणि कडेला नानांचा असा एक फोटो काढला. “काय भारी किस्सा आहे! ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो.”

बाहेर हॉर्न वाजला. तब्येत सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, असं म्हणून तो निघाला. मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही असता म्हणून काळजी नसते.” मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी म्हटलं, बरं. त्या तासातली दहा मिनिटं अजून शिल्लक होती.

भरीत वाया जाऊ नये म्हणून आम्ही दोघं जेवायला बसलो. अंगणात अजून ऊन होतं. नाना बोटाने भरीत ताटाच्या कडेला गोळा करत होते. मला वाटलं, आता हा माणूस रडणार, आणि रडणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषाशी काय बोलतात ते मला येत नाही.

“मॅडम,” नाना म्हणाले, “पंकज म्हंजे तो मोबाइलना दुकानवाला ना?”

“तोच.”

पंकज मनोजच्या वर्गातला. दोन गल्ल्या सोडून राहतो. बारावीला नापास झाला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, कुठेच गेला नाही. रोज सकाळी म्हाताऱ्या बापाला मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नाहीतर देवळात घेऊन जाताना दिसतो. बाप पाठीमागून त्याला रस्ताभर शिव्या घालत असतो.

“तो बापनाजोडेच ऱ्हास ना?”

“हो, बापाजवळच राहतो.”

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. कॅसेट टेपमधून काढली. सैल झालेली फीत करंगळी घालून नीट गुंडाळली, कॅसेट डबीत घातली, डबी बंडीच्या खिशात ठेवली आणि चपला शोधायला लागले.

“नाना, आधी जेवा तरी. त्याला एवढ्या वर्षांनी कॅसेट नको असेल. आणि मनोज म्हणाला ना, ती गोष्ट नाहीच म्हणून.”

“मनोजले काय समजस?” नाना दारात वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. चुकीच्या गोडाऊनवर माल उतरवला गेल्यावर ड्रायव्हर बोलतो, तसं ते बोलले. “कॅसेट पंकजनी, आन् पंकज घर शे. गोष्ट बराबर शे, मॅडम. पत्ता चुकना.”