रिकाम्या जागा भरा

एका जंगलात, मुलांनो, प्राणी आजारी पडायचे आणि आपोआप बरे व्हायचे. फार मागासलेलं जंगल होतं ते. मग तिथे दवाखाना निघाला.

दवाखान्यात डॉक्टर गवे होते. गवा तुम्ही पाहिला नसेल, तर म्हैस डोळ्यांसमोर आणा आणि तिला दहा वर्षं विद्यापीठात बसवा. डॉक्टर गवे शिकलेले होते, भारदस्त होते आणि दिवसभर रवंथ करत असत. रोगी तपासतानाही करत, निदान सांगतानाही करत. त्यामुळे त्यांचं निदान बाहेर पडायचं ते गवताबरोबर चावून.

डॉक्टर स्वतः लिहीत नसत. मोठे डॉक्टर लिहीत नाहीत, बोलतात. शेजारच्या फांदीवर एक पोपट बसलेला असे. डॉक्टर बोलत ते सगळं तो ध्यानात साठवायचा आणि टेकडीपलीकडच्या वडाखाली नेऊन जसंच्या तसं ओतायचा. डॉक्टरांचं बोलणं, चावणं, ढेकर, मध्येच शिंकलेलं माकड, काही म्हणजे काही सोडायचा नाही.

“अरे, यातलं रोगाचं नाव कुठलं आणि ढेकर कुठला?” असं विचारलं की पोपट मान ताठ करी.

“मी ऐकलं तेच सांगतो. अर्थ लावणं माझ्या खात्यात येत नाही.”

ते इंदूबाई साळिंदरच्या खात्यात येई. वडाखाली बसून ती पळसाच्या पानांवर डॉक्टरांची टिपणं लिहून काढायची. लेखणीसाठी तिला कुठे जावं लागत नसे. पाठीवर हात नेला की काटा मिळे.

कामात इंदूबाई तरबेज होती. पोपटाचा पाय दाबला की तो थांबे आणि शेपूट ओढलं की चार शब्द मागे जाई. अवघड शब्द आला की ती आधी त्याचा शेवट पकडायची. शेवटी ‘शूल’ ऐकू आलं, तर काहीतरी दुखतंय. ‘शोथ’ ऐकू आलं, तर काहीतरी सुजलंय. मग मागच्या वाक्यात डॉक्टर कुठला अवयव दाबत होते ते बघायचं. बेडकाच्या पानावर शेपटीची सूज आली, तर पुन्हा ऐकायचं.

आणि इतकं करूनही शब्द लागला नाही, तर त्यासाठी एक जुनी रीत होती. तेवढी जागा रिकामी सोडायची, खाली रेघ मारायची आणि पान डॉक्टरांकडे परत धाडायचं. ‘इथे काय म्हणालात?’

डॉक्टर गव्यांना ही रीत मुळीच आवडत नसे. “काय म्हणालात म्हणजे काय? जे म्हणालो ते म्हणालो!” असं ओरडून ते पान तसंच परत पाठवत. शेवटी ते व्यवस्थापकांकडे गेले. व्यवस्थापक होते सरडेसाहेब. वरिष्ठ ज्या रंगात असतील त्या रंगात ते असत. डॉक्टर लालबुंद होऊन आले, तेव्हा सरडेसाहेबही लाल झाले आणि त्याच रंगात त्यांनी अभियान जाहीर केलं. दवाखान्याच्या दारावर पाटी लागली : ‘आमचा दवाखाना, रिकामी-जागा-मुक्त दवाखाना!’

“आजपासून पानावर एकही जागा रिकामी दिसता कामा नये,” सरडेसाहेब म्हणाले.

“पण साहेब, ऐकू आलं नाही तर?” इंदूबाईने विचारलं.

“ऐकू न येणं बंद करा.”

दुसऱ्याच दिवशी एका चितळाचं टिपण आलं. पोपट म्हणाला, “रोग्याला कचर-कचर-कच झालेला आहे.” इंदूबाईने शेपूट ओढलं. “कचर-कचर-कच झालेला आहे.” पुन्हा ओढलं. शब्दाला शेवट नव्हता, सुरुवातही नव्हती. दुपारपर्यंत पोपटाची दोन पिसं तिच्या हातात आली आणि पोपट रुसून बसला.

शेवटी इंदूबाईने मनाला येईल तो शब्द लिहिला : अर्धप्रकोप. असा रोग तिने कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. पण लिहिल्यावर तो शोभून दिसत होता. डॉक्टर वाचतील, भडकतील, खोडतील आणि रागारागाने का होईना खरा शब्द सांगतील, असा तिचा हिशेब होता.

डॉक्टरांनी पान वाचलं. मान डोलावली. आणि खूर उमटवला. खूर म्हणजे त्यांची सही.

म्हणजे असा रोग असतो की काय? इंदूबाई स्वतःच चपापली. मग तिला जरा अभिमानही वाटला. आपला कान म्हणजे कान आहे, असं ती पोपटाला म्हणाली.

त्यानंतर जिथे जिथे कचर-कचर आलं, तिथे तिथे तिने अर्धप्रकोप लिहिला. हळूहळू पानोपानी अर्धप्रकोप झाला. जंगलात असा एक रोग पसरलाय हे बघून सरडेसाहेब आधी पांढरे पडले आणि मग आनंदाने गुलाबी झाले. त्यांनी सभा भरवली. रोगाचा शोध लावल्याबद्दल डॉक्टर गव्यांना झेंडूचा हार घातला. सत्काराची भाषणं होईपर्यंत डॉक्टरांनी तो खाऊन संपवला.

“आणि उपाय काय, डॉक्टर?” सभेत कुणीतरी विचारलं.

डॉक्टर विचारात पडले. रोग अर्धा म्हणजे उपायही अर्ध्या अंगाला, असं त्यांनी ठरवलं. रोग्याची डावी बाजू भादरायची. अस्वलाची भादरली. सशाची भादरली. मोराचा डावीकडचा पिसारा उपटला. मुलांनो, तुम्हाला वाटेल प्राणी चिडले असतील. छे! उलट ज्यांच्या दोन्ही बाजू शाबूत होत्या, त्यांनाच चारचौघांत चोरट्यासारखं होऊ लागलं. “अजून तुम्हाला नाही झाला?” असं हरिणी एकमेकींना विचारू लागल्या.

दवाखान्याचा कारभार पारदर्शक होता. प्रत्येकाचं पान दारातल्या झाडाला टांगलेलं असे. ज्याला वाटेल त्याने वाचावं. वाचायला रोज सकाळी न चुकता एकच जण येई, तो म्हणजे बिबट्या. तो चांगला शिकलेला होता. कुणाच्या कुठल्या बाजूला केस नाहीत, पिसं नाहीत, आडोसा नाही, हे तो नीट वाचून घेई आणि मग त्याच बाजूने भेटायला जाई. दिवसेंदिवस तो गुटगुटीत होत चालला होता.

इंदूबाईला हे दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण लिहिलं आपण असलं तरी खूर डॉक्टरांचा आहे, अशी स्वतःची समजूत घालून ती रोज कामाला बसायची.

आणि एक दिवस तिच्या नवऱ्याचं, त्र्यंबकरावांचं पोट दुखलं.

ते तिला न सांगताच दवाखान्यात जाऊन आले. संध्याकाळी पोपट वडाखाली उतरला आणि म्हणाला, “नाव त्र्यंबक साळिंदर. पोट फुगलेलं. जीभ पांढरी. रोग्याला कचर-कचर-कच झालेला आहे. लिहिलेल्या निदानाप्रमाणे उपाय करावा.”

इंदूबाईने हातातला काटा खाली ठेवला. तिने पोपटाचं शेपूट ओढलं नाही, त्याला जवळ घेतलं, डाळिंबाचे दाणे भरवले. “बाबा, नीट आठव. काय म्हणाले रे ते?” पोपटालाही दया आली. त्याने डोळे मिटून, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. ते कचर-कचर-कच असंच होतं.

यावेळी तिच्याने अर्धप्रकोप लिहवेना. तिने जागा रिकामी सोडली आणि खाली रेघ मारली.

सरडेसाहेबांनी ती रेघ पाहिली. त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे अर्धप्रकोप लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटे उपटायचं ठरवलं. साळिंदरावरचा हा पहिलाच प्रयोग होता, म्हणून त्यांनी सगळ्या जंगलाला बोलावलं.

घरी त्र्यंबकराव खुशीत होते.

“अगं, नावाजलेला रोग आहे. झाला तर झाला.”

“अहो, डावे काटे गेले आणि बिबट्या आला, तर काय कराल?”

“उजवी बाजू दाखवीन.”

“आणि तो फिरून डावीकडे आला तर?”

“मीपण फिरेन.”

“उंबराच्या झाडापर्यंत चालताना तुम्ही दोनदा बसता. तुम्ही फिरणार?”

त्र्यंबकरावांचा चेहरा एवढासा झाला. ते आळशी होते, घोरायचे, चांगले कंद एकटेच खायचे. पण ते तिचे होते. इंदूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती तडक डॉक्टरांकडे गेली.

“डॉक्टर, माझ्या नवऱ्याला काय झालंय?”

“अर्धप्रकोप,” डॉक्टर चावता चावता म्हणाले.

“तो मी लिहिलाय. चितळाच्या पानावर पहिल्यांदा लिहिला. असा रोगच नाही. मी बनवलाय तो!”

डॉक्टरांचं चावणं थांबलं. दवाखाना सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच थांबलं. ते उठले, बाहेर कुणी नाही ना ते पाहून आले आणि हळूच म्हणाले, “बनवलाय? अहो बाई, मला वाटलं तुम्हाला कळलंय!”

“मला कसं कळणार? डॉक्टर तुम्ही आहात!”

“मला जिथे कळत नाही, तिथे मी जोरात चावतो.”

“आणि मग?” इंदूबाईने विचारलं.

“मग तुमचं पान येतं,” डॉक्टर म्हणाले. “ते वाचलं की मला कळतं रोग्याला काय झालं होतं ते. म्हणून तर तुमच्या त्या रिकाम्या जागा मला झोंबायच्या. मला न कळलेलं तुम्ही रेघ मारून माझ्याकडेच परत पाठवायचात.”

“मग आता सांगा सगळ्यांना. रोग नाही म्हणावं.”

“आणि अस्वलाला काय सांगू? थंडीत अर्ध्या अंगाने कुडकुडतंय ते. त्याला कळलं तर ते मला भेटायला येईल, आणि बोलायला नक्कीच येणार नाही.”

डॉक्टर पुन्हा चावू लागले. मग इंदूबाई म्हणाली, “डॉक्टर, उद्या तुम्ही काटे उपटू नका. नुसतं चावा.”

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल जमलं. त्र्यंबकरावांना करवंदीच्या जाळीमागे नेलं. डॉक्टर तोंड भरून गवत घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि त्यांनी मन लावून चावलं. पोपटाने ते सगळं वडाखाली नेऊन ओतलं. इंदूबाईने लिहिलं : ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली. डाव्या बाजूला एकही काटा शिल्लक नाही. रोगी आनंदात आहे.’ डॉक्टरांनी पान वाचलं, मान डोलावली आणि खूर उमटवला. पान झाडाला लागलं.

त्र्यंबकराव जाळीमागून बाहेर आले. अंगावर सगळे काटे जिथल्या तिथे होते. सरडेसाहेबांनी आधी पान वाचलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

“वा! काय सफाईने काढलेत!”

“जागासुद्धा कळत नाही,” हरिणी म्हणाल्या.

त्र्यंबकराव मान वाकडी करून आपली डावी बाजू बघायचा प्रयत्न करत घरी गेले. त्यांचं पोट दुखायचं पहाटेच आपोआप थांबलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी कच्ची बोरं खाल्ली होती, एवढंच.

दुसऱ्या सकाळी बिबट्याने पान वाचलं. ‘एकही काटा शिल्लक नाही.’ त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. साळिंदर त्याने कधी खाल्लं नव्हतं. त्र्यंबकराव उंबराखाली दुसऱ्यांदा बसले होते, तेव्हा त्याने डावीकडून झेप घेतली. अंगावर काय आहे ते त्याने पाहिलं नाही. वाचलेलं असल्यावर कोण पाहतं?

मग जी डरकाळी झाली, ती टेकडीपलीकडे ऐकू आली. बिबट्या दवाखान्यात आला तेव्हा त्याचं नाक, ओठ, गाल, सगळं काट्यांनी भरलेलं होतं.

“फसवणूक!” तो तोंड न मिटता ओरडला. “डावी बाजू मोकळी म्हणून लिहिलंय आणि हे बघा!”

सरडेसाहेबांच्या अंगावर ठिपके उमटले. त्यांनी लगेच चौकशी लावली. पान खाली उतरवून सगळ्यांसमक्ष पाहिलं. त्यात एकही जागा रिकामी नव्हती. म्हणजे पान बरोबर होतं. पान बरोबर, तर त्र्यंबकरावांना डावीकडे काटे नव्हते. आणि जे काटे नव्हतेच, ते बिबट्याला टोचणार कसे?

“मग हे काय आहे?” बिबट्याने पंजाने तोंड दाखवलं आणि पंजा लागताच कळवळला.

“ते डॉक्टर सांगतील,” सरडेसाहेब म्हणाले.

बिबट्याला डॉक्टर गव्यांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी ते तोंड पाहिलं. असं स्वच्छ, सोपं, शेंबड्या पोरालाही कळेल असं दुखणं त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं. मागे अस्वल उभं होतं, डावीकडून कुडकुडत. दारात इंदूबाई उभी होती. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

“उपटा हो, डॉक्टर! लवकर!” बिबट्या रडकुंडीला आला.

डॉक्टरांनी तोंडातलं सगळं गवत गिळलं. घसा खाकरला. आणि खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, “बिबटेसाहेब, तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

पोपटाने ते वडाखाली जसंच्या तसं सांगितलं. इंदूबाईने एकदाच ऐकलं आणि लिहून टाकलं. तिच्या सगळ्या नोकरीत हे पहिलं टिपण, जे पोपटाचं शेपूट न ओढता शब्दन् शब्द कळलं.

पान झाडाला लागलं. बिबट्याने ते वाचलं. तो शिकलेला होता, त्यामुळे त्याला ते मानावंच लागलं. तोंड तसंच उघडं ठेवून तो हळूहळू जंगलात निघून गेला, आणि त्यानंतर कुणाला चावायचं त्याला जमलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, डॉक्टर काय म्हणाले ते कळलं नाही, तर घाबरू नका. त्यांनाही ते कळलेलं नसतं. मात्र ते अगदी स्वच्छ ऐकू आलं, तर घरी जाऊन आपलं तोंड आपणच एकदा चाचपून पाहा.