न दिसणाऱ्या रिव्हॉल्व्हरची निवड, घडण आणि मिठी-परीक्षा

ज्या वस्तू दिसत नाहीत त्यांचाच माणसाला खरा आधार असतो. देव, विमा आणि खिशातलं रिव्हॉल्व्हर, तिन्ही याच तत्त्वावर चालतात. तिन्हींचे हप्ते नियमित भरायचे आणि प्रत्यक्ष गाठ पडायची वेळ लवकर येऊ नये अशी इच्छा धरायची. (पहिल्याबाबत आमचे पाळक ब्रदर हॅस्कल यांचं मत वेगळं आहे, पण तेही आयुर्विम्याचा हप्ता चुकवत नाहीत.)

या व्यवहारात डेल्मर प्रुइटला काय मिळणार होतं, ते आधी मांडू. एक खुर्ची.

पण कोणती? डॉर्सी फ्लॅट गावच्या बॅप्टिस्ट चर्चमधली, मागच्या दाराजवळची. बाकी सगळ्यांना लाकडी बाकं, हिला गादी. खाली थंड हवेची जाळी. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये त्या जाळीची किंमत ज्याला कळते त्याला कळते. शिवाय त्या खुर्चीतला माणूस बाराच्या ठोक्याला सर्वांत आधी बाहेर पडतो, गाडी काढतो आणि पॉलिनच्या भोजनालयात मेथडिस्ट पंथाचे लोक पोहोचायच्या आत तळलेल्या कॅटफिश माशाच्या रांगेत पहिला उभा राहतो. बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट यांच्यात धर्मशास्त्राचे बरेच मतभेद आहेत म्हणतात. गावाला एवढा एकच माहीत आहे.

डेल्मरचा एक गुडघा निकामी होता, त्यामुळे गादी हवीच होती. पण खरं कारण वेगळं. एकतीस वर्षं त्याने गावातले पाण्याचे मीटर वाचले. तेव्हा लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे, "डेल्मर, या महिन्यात आमचं एवढं कसं रे आलं?" निवृत्त झाल्यापासून त्याला कोणी काहीही विचारलं नव्हतं. मागच्या दारावर बसणाऱ्याला मात्र सगळे विचारतात. निदान "आलंय का कोणी?" एवढं तरी.

ही खुर्ची चर्चच्या सुरक्षा समितीच्या ताब्यात असते. समितीत आम्ही नऊ जण. समितीची गरज पुढील आकडेवारीवरून स्पष्ट होईल. चर्चच्या सेहेचाळीस वर्षांच्या इतिहासात हल्ले: शून्य. हल्लासदृश घटना: तीन (गांधीलमाश्यांचं पोळं, एक बोकड आणि चुकून आत आलेला एक मेथडिस्ट). याच काळात दारातल्या मेण लावलेल्या फरशीवर घसरून हाड मोडलेले: चौदा. फरशीसाठी समिती नाही.

खुर्चीवरचे जुने गृहस्थ मुलीकडे अमरिलोला राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. निवडीचे नियम तीन. एक, उमेदवाराजवळ शस्त्र असलं पाहिजे. दोन, चर्चच्या आवारात ते कोणालाही दिसता कामा नये. ज्याने दाखवलं तो कायमचा बाद. तीन, पहिला नियम पाळला गेल्याची समितीने दुसरा नियम न मोडता खात्री करून घ्यावी. तिसरा नियम मंजूर करताना कोणालाही हसू आलं नाही. मी तिथेच होतो.

एक उमेदवार डेल्मर. दुसरा होता समितीतलाच टायरवाला गेलॉन हूपर. त्याच्या कमरेला एवढं मोठं पिस्तूल असतं की त्याच्या सदऱ्याखाली कोणी पाहुणा मुक्कामाला आलाय असं वाटावं. म्हणून डेल्मरने ठरवलं, आपण छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचं. आणि तो लायमन व्हॅन्झँटकडे गेला.

लायमनचं दुकान पशुखाद्याच्या दुकानामागे आहे. तो बंदुका दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईकं बिघडवतो.

"मोठं कोण घेतं, ठाऊक आहे?" लायमन म्हणाला. "ज्याला दाखवायचं असतं तो."

"मला दाखवायचं नाहीये."

"मग हे घ्या. पाच गोळ्यांचं."

"आणि सहावी लागली तर?"

"पाचांत भागलं नाही तर सहावी काय दिवे लावणार आहे? त्यापेक्षा पळा."

"गुडघा आहे ना माझा."

"मग काहीतरी गोड बोला."

डेल्मरने पाच गोळ्यांचं घेतलं.

लहान रिव्हॉल्व्हरचा नियम असा, की ते बाळगायला जितकं हलकं, उडवायला तितकं जड. दुकानामागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर डेल्मरने दोन गोळ्या झाडल्या. पुढचा आठवडाभर त्याला सकाळच्या बिस्किटाला (आमच्याकडे बिस्किट म्हणजे गरम छोटा पाव) लोणी लावता येईना. ओनीटा, म्हणजे त्याची बायको, लावून द्यायची. उरलेल्या तीन गोळ्या त्याने विश्वासावर सोडल्या.

मग सुधारणा सुरू झाल्या. रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचं वर आलेलं टोक खिशात अडकतं, म्हणून ते कापलं. कडा कापडाला घासतात, म्हणून त्या गोल केल्या. रबरी मूठ खिशाला चिकटते, म्हणून लाकडी बसवली. तीही साधी नाही, डेल्मरच्या वडिलांनी लावलेल्या आणि वादळात पडलेल्या पेकानच्या झाडाची. मुठीवर त्याच्या नावाची अक्षरं कोरली, पण आतल्या बाजूला. म्हणजे मूठ उघडल्याशिवाय ती खुद्द डेल्मरलाही दिसायची नाहीत. न दिसण्याच्या बाबतीत लायमन कुठेही तडजोड करत नाही.

"असं बनवून देतो," तो म्हणाला, "की खिशात आहे हे तुमचं तुम्हालाच कळायचं नाही."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. लायमनने आयुष्यात दिलेला हा एकमेव शब्द, जो तंतोतंत खरा ठरला.

रिव्हॉल्व्हर तयार झालं. पण माणूस तयार नव्हता, तेव्हा त्याच्यातही सुधारणा कराव्या लागल्या. कमरेचा पट्टा गेला, खांद्यावरून पँट धरणारे गॅलिस आले. घट्ट पँटी गेल्या आणि ओनीटाने दोन ढगळ पँटी शिवल्या, अगदी सारख्या, उजव्या खिशाला आतून चामडं लावून. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही, हा धंद्यातला दंडक. त्यामुळे किल्ल्या, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या डाव्या खिशात गेल्या, आणि डेल्मर डावीकडे कलून चालू लागला. दुसरा दंडक त्याहून कडक. चाचपायचं नाही. खिशाकडे हात गेला की समोरच्याला कळतं.

"अहो, आणि फ्रिज?" ओनीटाने विचारलं. फ्रिजसाठी बाजूला ठेवलेलं सगळं लायमनच्या दुकानात गेलं होतं, आणि जुन्या फ्रिजचं दार लागत नव्हतं.

"अगं, पुढच्या वर्षी. जीव महत्त्वाचा की लोणी?"

"तुमच्या जिवावर कोण टपलंय ते तरी कळू दे. त्याच्याकडूनच दार दुरुस्त करून घेते."

डेल्मरने आपला निकामी झालेला पट्टा तिला दिला. तिने तो फ्रिजभोवती आवळला. वस्तू कशी वाया जात नाही, याचं हे उदाहरण.

आता परीक्षेविषयी. शस्त्र न बघता ओळखायचं, तर ओळखणार कोण? आमच्याकडे एकच यंत्रणा आहे: विल्डा मे मावशी, वय अठ्ठ्याहत्तर. उपासना सुरू झाल्यावर ब्रदर हॅस्कल म्हणतात, "आता मागे वळा आणि शेजाऱ्याला भेटा." मग सगळं चर्च मिठ्या मारतं. त्या पाच मिनिटांत मावशी नऊही जणांना कवेत घेऊन सोडते, आणि कोणाकडे काय आहे, कुठे आहे आणि कोणाचं वजन वाढलंय, हे तिला पाठ असतं. तिच्या कुशीतून सुई सुटत नाही.

ठरलेल्या रविवारी मावशीने आधी गेलॉनला धरलं. "मेल्या, बरगडीत घुसलं माझ्या! एवढं थोरलं कशाला रे? रेडे मारायचेत?" मग तिने डेल्मरला धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. इतका, की ओनीटा घरी सर्दीने पडली होती ते बरंच झालं.

उपासनेनंतर समिती बालवर्गाच्या खोलीत बसली. तिथे खुर्च्या चिमुकल्या आहेत. नऊ सशस्त्र पुरुष गुडघे कानाशी घेऊन, नोहाच्या जहाजाच्या चित्राखाली बसले.

"गेलॉनचं डावीकडे, मोठं," मावशी म्हणाली. "डेल्मरजवळ काही नाही."

"आहे," डेल्मर म्हणाला.

"अरे, सत्तर वर्षं मिठ्या मारतेय मी. तुझ्या अंगावर हाडं आहेत नि चष्मा आहे, बस."

"आहे म्हणतोय ना, मावशी!"

"आहे तर दाखव की!" गेलॉन ओरडला.

"दाखवलं तर बाद," मी नियम वाचून दाखवला. "नाही दाखवलं तर नाहीच."

 डेल्मरचा हात खिशाकडे निघाला होता. दंडक आठवून त्याने तो परत घेतला. आणि ओठ चावत म्हणाला, "बायबल आणा."

बालवर्गात होतं ते रंगीत चित्रांचं बायबल आणलं. त्याच्या मुखपृष्ठावरच्या कोकरावर हात ठेवून डेल्मर प्रुइटने शपथ घेतली, की आपलं रिव्हॉल्व्हर या क्षणी आपल्या उजव्या खिशात आहे. मावशीने पुन्हा एकदा मिठी मारली. पुन्हा काही नाही. तिने डोळे पुसले. "झाले मी म्हातारी," ती म्हणाली.

समितीने टाळ्या वाजवल्या. असं काम पूर्वी कोणी पाहिलं नव्हतं, आणि आताही पाहिलं नव्हतं. डेल्मर एकमताने निवडून आला. गेलॉननेही मत दिलं आणि जाता जाता लायमन सोमवारी किती वाजता उघडतो ते विचारून घेतलं. आठवडा संपायच्या आत समितीतले सहा जण तिथे रांगेत होते.

पण त्या दुपारी मी पीचच्या कॉबलरच्या, म्हणजे ओनीटाच्या हातच्या गोड पक्वान्नाच्या आशेने डेल्मरबरोबर त्याच्या घरी गेलो. ओनीटा नाक पुसत दारातच उभी होती.

"अहो, ते तुमचं रत्न."

"खिशात आहे."

"कपडे धुण्याच्या मशीनमध्ये आहे. सकाळी धाडधाड आवाज येत होता, मला वाटलं मशीनही गेलं."

काल डेल्मरने रिव्हॉल्व्हर खिशात ठेवून बसण्या-उठण्याचा सराव केला होता तो पहिल्या पँटीत, आणि ती रिव्हॉल्व्हरसकट धुवायला गेली होती. आज घातली ती दुसरी. त्याने आत्ता प्रथमच उजव्या खिशात हात घातला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. लायमनने शब्द पाळला होता.

"ओनीटा," तो खाली बसत म्हणाला, "मी कोकरावर हात ठेवून शपथ घेतली गं."

"कशाची?"

त्याने सांगितलं. ती इतकी हसली की तिची सर्दी सुटली. पण डेल्मर हसला नाही. जेवलाही नाही. खोटी शपथ म्हणजे खुर्ची तर जाणारच, वर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि न सांगावं, तर देवापासून काय लपवणार? त्याच्याकडे मावशीहून जुना अनुभव आहे. तो संध्याकाळी ब्रदर हॅस्कलकडे गेला. गाडी चालवायला त्याने सोबत मला नेलं.

ब्रदर हॅस्कल यांनी सगळं ऐकून घेतलं. उठून दार लावलं.

"डेल्मर," ते म्हणाले, "दर रविवारी मी व्यासपीठावरून मोजतो. नऊ माणसं, अकरा बंदुका. सगळ्यांना भूक लागलेली. सगळे माझ्याच दिशेने तोंड करून. बारा वाजता मी प्रवचन का संपवतो, तुला काय वाटलं?"

"पवित्र आत्मा…"

"पवित्र आत्म्याला घड्याळ नसतं, बाबा. आज पहिल्यांदा मला कळतंय की त्या दारापाशी एक असा माणूस बसलाय ज्याची मला भीती वाटायची नाही. खुर्ची सोडशील तर याद राख."

"पण ती शपथ?"

"ती चुकून झाली. देव चुकांचा हिशेब वेगळा ठेवतो. आता यापुढे मात्र जाणूनबुजून गप्प बस."

डेल्मर गप्प बसला. ओनीटाने रिव्हॉल्व्हर पुसून मक्याच्या पिठाच्या डब्यात ठेवलं. चामड्याचा तो खिसा मोकळा राहू नये म्हणून डेल्मर त्यात पेपरमिंटच्या गोळ्या भरून नेऊ लागला. खिशाला आता चांगला फुगवटा येतो. लोक तो बघतात आणि आदराने नजर वळवतात. खरं रिव्हॉल्व्हर असतं तर एवढा आदर मिळाला नसता, कारण ते दिसलंच नसतं. पोरांना मात्र बरोबर वास लागला. उपासनेआधी ती खुर्चीभोवती गोळा होतात आणि विचारतात, "डेल्मरकाका, आहे का?" तो डावीउजवीकडे बघून हळूच म्हणतो, "आहे." दर रविवारी कोणीतरी त्याला काहीतरी विचारतं. खुर्चीचा हेतू सफळ झाला.

ओनीटाने ही गोष्ट भगिनीमंडळात सांगितली की नाही, मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्यापासून विल्डा मे मावशीच्या मिठीत दर रविवारी एकेक माणूस रिकामा सापडू लागला. समिती याचं श्रेय लायमनला देते. गावात मक्याच्या पिठाचे मोठे डबे मिळेनासे झाले. गेलॉनची चाल हलकी झाली आहे. त्याला वाटतं, वजन उतरलं. ब्रदर हॅस्कल यांच्याही हे ध्यानात आलं. त्यांचा आवाज मोकळा झाला. पूर्वी जे प्रवचन बाराला संपायचं ते सव्वाबाराला, मग साडेबाराला संपू लागलं. गेल्या रविवारी ते एकच्या सुमाराला म्हणाले, "आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू."

आम्ही पॉलिनकडे पोहोचतो तेव्हा मेथडिस्ट दात कोरत बाहेर पडत असतात.

तर या सगळ्याची किंमत कोणी काय भरली, त्याचा एकूण हिशेब असा. लायमनने काही भरलं नाही. ओनीटाने भरला फ्रिज. पट्टा अजून आवळलेला आहे. बॅप्टिस्टांनी भरला कॅटफिश. मावशीने आपल्या हातांवरचा विश्वास भरला, आणि तिला खरं सांगायला कोणी तयार नाही. बोकड पुन्हा आलेला नाही. आणि वाचकहो, पहिल्या परिच्छेदात रिव्हॉल्व्हर दिसल्यापासून तुम्ही ते केव्हा उडतंय याची वाट बघत इथवर आलात. ते उडालं नाही. जर तुमचा थोडासा हिरमोड झाला असेल, तर लायमन सोमवारी नऊला उघडतो. त्याचं दुकान बोकडांच्या जिवावर चालत नाही, अशा हिरमोडांवर चालतं.