काचेवरची मधली फळी

"मधली फळी कसली, मधलं भोक आहे ते," मर्व आजोबा म्हणाले आणि तेवढ्या एका वाक्याने गाडीची पुढची काच आणखी थोडी धुरकटली.

कूलाबिन गावाचा फुटबॉल संघ घरच्याच मैदानावर सपाटून हरला होता. कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्या पावसात एकेक करून निघून गेल्या होत्या. आपला गोल झाला की भोंगे वाजवायचे, ही गावची रीत. आज भोंग्यांना जवळजवळ सुट्टीच होती. एक निळी गाडी मात्र जागची हलली नव्हती. आत आजोबा, त्यांचा जावई डग आणि मागच्या सीटवर चौदा वर्षांची नात इमोजन. तिघेही तिच्या मोठ्या भावाची, कीरनची, वाट बघत होते. कीरन म्हणजे मधल्या फळीतला 8 नंबर. त्याची आंघोळ होईपर्यंतच त्याच्याबद्दल खरं बोलता येणार होतं, म्हणून सगळे घाईत होते.

"पळतो हो पोरगा," डग म्हणाला. "पण मेंढरांमागे कुत्रं पळतं तसा. कुत्रं निदान मेंढरं वळवतं तरी."

"बाबा, तुमचा मुलगा आहे तो," इमोजन म्हणाली.

"म्हणून तर बोलतोय. दुसऱ्याच्या मुलाला बोललो असतो का?"

डगने नुकतीच खिम्याची पाई संपवली होती. ते तुपकट बोट त्याने धुरकट काचेवर टेकवलं आणि मैदानाचा लांबट गोल काढला. मध्ये कीरनचा जोडीदार 11, शेजारी 8. डाव्या कडेला एक चौकोन, म्हणजे राखीव खेळाडूंचा बाक. 8 पासून निघालेला बाण थेट चौकोनात गेला.

"पुढच्या शनिवारी हरलो तर मोसम संपला. याला बाकावर बसवायचा. विषय मिटला."

"हे त्याच्या तोंडावर म्हणशील?" आजोबांनी विचारलं.

"काहीतरीच काय, मर्व. गेल्या वर्षी मी नुसतं 'ठीक खेळलास' म्हणालो, तर दोन आठवडे सरावाला गेला नाही. हे कळलं तर बूटच फेकून देईल."

"बाबा," इमोजन हळूच म्हणाली, "ते बाहेरूनपण दिसतं. आणि तो येतोय."

डगने बाहीने काच खसाखसा पुसली. कीरन पिशवी सांभाळत मागे येऊन बसला. डगने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बॅटरी उतरली होती; दुपारभर रेडिओवर शहरातला सामना ऐकल्याची शिक्षा होती ती.

"कोणी काही बोलणार नाही का?" कीरनने विचारलं.

"आम्ही काय बोलणार," डग म्हणाला, आणि त्या 'काय'बरोबर काचेवर एक लांबट रेघ उमटली. पुसलेलं चित्र होतं, तूप नव्हतं. श्वास लागला की ते पुन्हा डोकं वर काढत होतं. इमोजनने 8 चा वरचा गोल उमलताना पाहिला. बरं, काचा खाली कराव्या, तर त्या बॅटरीवरच चालणाऱ्या.

नशीब, कीरन बाजूच्या खिडकीतून बघत होता. "ढकलावी लागेल," म्हणत तो उतरला आणि त्याने हाका मारल्या. डगने घाईने पुन्हा बाही फिरवली.

आली ती नेमकी मधली फळी, अख्खी, ओल्या केसांनी. पाठोपाठ कोच डॅरेल. गाडीचं नाक कुंपणाकडे, म्हणजे ढकलायची मागे. सगळे कुंपण आणि गाडीच्या मधे घुसले, बॉनेटवर हात टेकले, आणि त्यांची तोंडं काचेपासून हातभर अंतरावर आली.

आत तिघांनी श्वास रोखले. चाक चिखलात रुतलं होतं. डगच्या मानेवरची शीर फुगली. इमोजनला डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागले. बाहेर कीरन ओरडला, सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि गाडी हलली. आजोबा या मैदानावर आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते. त्यांना ते सहन होईना.

"बघा, आज पहिल्यांदाच सगळे एका दिशेने–"

एवढं पुरलं. गोल आला, 11 आला, 8 आला, बाण आला, चौकोन आला. बाहेरचे हात थांबले. कीरनने 8 कडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं, मग बापाकडे. डॅरेल टोपीतून पाणी गाळत पुढे वाकला, मान तिरकी केली, फोन काढून फोटो घेतला.

"हं," तो म्हणाला.

गाडी सुरू झाली, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी चार दिवस कीरन 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलला. डगने तीनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन तीनदा परत फिरून दाखवलं. गुरुवारी सरावाहून आल्यावर कीरन ताटावर बसला आणि म्हणाला, "कोचने मला मधून काढलं."

डगचा काटा हवेत राहिला.

"पार कडेला टाकलंय. पाईच्या टपरीच्या बाजूला. म्हणाला, तुझ्या बापाची कल्पना आहे, मोकळी जागा मिळाली की हा सुटेल." कीरन बटाट्याशी खेळत राहिला. "मला वाटलं होतं, तुम्हाला मी संघातच नकोय."

आजोबांनी आपल्या ताटातला बटाटा फार लक्षपूर्वक पाहिला.

"छे," डग म्हणाला.

इमोजन विचारात पडली. आतून डावीकडे ते बाहेरून उजवीकडे. मैदानाच्या उजव्या बाजूला टपरी; बाकाचा चौकोन कोचला टपरीच वाटला. आणि 8, 11 हे आकडे काय, कुठूनही तसेच. तिने टेबलाखालून बापाला लाथ मारली आणि भांडी घासताना त्याच्या कानात सगळं सांगितलं. डगच्या हातातली बशी सुटली.

शनिवारी कीरन टपरीच्या बाजूने असा सुटला, की पाई घ्यायला गेलेली माणसं पैसे द्यायचे विसरली. निळ्या गाडीचा भोंगा शेवटी बसक्या आवाजात खोकू लागला. कूलाबिन जिंकलं.

सामना संपल्यावर कीरन चिखलासकट मागच्या सीटवर कोसळला. डॅरेलने खिडकीत डोकं घातलं. "डग, पुढच्या सामन्याचं काय डोक्यात आहे?"

आजोबा याचीच वाट बघत होते. त्यांनी पुढे वाकून काचेवर मोठा श्वास सोडला. जुना गोल इमानदारीने वर आला.

"काढा ना, बाबा," कीरन म्हणाला.

डगने बोट उचललं, काचेजवळ नेलं आणि तिथेच थांबवलं. मग त्याने दार उघडलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "आधी बाहेरून बघून येतो."