मक्याला नेसवलेल्या साड्या

माझे मामा रानडुकराला गिऱ्हाईक म्हणतात. माकडालाही, रोह्यालाही. अंगणात मोर उतरला तरी त्यांचे हात आधी जोडले जातात, "या, या, बसा" असं तोंडातून निघून जातं, आणि दगड उचलायचा असतो हे नंतर आठवतं. तोवर मोरानं मेथीचा वाफा उरकलेला असतो.

यात मामांचा दोष नाही. त्यांनी शहरातल्या एका साडीच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर बसून, चाळीस वर्षं बायकांना साड्या दाखवल्या. नोकरी सुटली तसे मामींना घेऊन फुलंब्रीजवळच्या शेतात राहायला गेले. घराच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नाला. डोंगरातून माकडं येतात, नाल्यातून रानडुकरं, आणि रोही, म्हणजे नीलगाई, त्यांना काय, चारी दिशा मोकळ्या. मामा आजूबाजूला बघत हळहळतात, "दुकान असं मोक्याच्या जागी पाहिजे होतं बघ!"

जनावरांची त्यांनी प्रतवारी लावलेली आहे. ससा म्हणजे लाजरी नवी नवरी. कोपऱ्यातलं काहीतरी घेऊन पळते. माकड म्हणजे शंभर साड्या उलगडायला लावून 'उद्या येते' म्हणणारी बाई. आणि रानडुक्कर? "ते बस्त्याला आलेलं खटलं. लेकराबाळासकट येतं, निम्मं खातं, निम्मं तुडवतं, वर आपल्यालाच रागानं बघतं."

एकदा मामी दुपारी विहिरीवरून घरात आल्या, तर खाटेवर एक माकडीण बसलेली, पोटाशी पिल्लू. समोर जमिनीवर मामा मांडी घालून. धुतलेले कपडे एकेक करून तिच्यापुढे उलगडत होते आणि दुकानातल्या दखनीत म्हणत होते, "हौर दिखाऊं क्या आपा? देखने के पैसे नै पडते." मामी किंचाळल्या. माकडीण भाकरीची टोपली उचलून खिडकीतून गेली.

"काय चाललं होतं हे?" मामी म्हणाल्या.

"घेणार होती ती," मामा कपड्यांच्या घड्या घालत म्हणाले. "तू मधी बोललीस."

आमच्याकडं डुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं पदर हलला की जनावराला वाटतं, माणूस उभं आहे. लोक साड्या बांधतात, मामा नेसवतात. खुंटाखुंटाला निऱ्या, काठ एका रेषेत, पदर वाऱ्याच्या अंगाला. हिरव्या मक्यापुढं हिरवी साडी चालत नाही, "उठत नाय". या साड्या गोळा करायला ते सगळ्या नातेवाइकांच्या घरी फिरतात. माझ्या बायकोनं मोठ्या मनानं एक पोपटी साडी काढून दिली. मामांनी ती उन्हात धरली आणि परत केली. "सूनबाई, ह्याला डुक्कर भिणार नाय. उलट जवळ येऊन विचारंल, कुठून घेतली!" बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. साडी मी घेतली होती.

यंदा मका डोक्याबरोबर आला, कणसात दूध भरलं, आणि नेमकी नाल्याकडची बाजू साड्यांवाचून उघडी राहिली. सगळ्या मावश्या-आत्यांची कपाटं झाडून झाली होती. मी त्या रविवारी तिथंच होतो. ओल्या काठावर खुरांचे ठसे उमटलेले. मामा वाकून बघत म्हणाले, "अंदाज घेऊन गेलेत. आज येणार." संध्याकाळच्या आत बाजू बंद झाली नाही, तर वर्षाचा मका जाणार, हे मलासुद्धा कळत होतं.

तेवढ्यात मामींनी घरातून आपली पेटी ओढत आणली.

"ह्या बांधा. तशाबी डागीच हायेत."

मामा दर दिवाळीला मामींना एक साडी आणायचे, आणि दर दिवाळीला चार माणसांत सांगायचे, की डागाचा माल आहे, मालकानं असाच दिला. तेव्हा एकत्र घर होतं. सासू होती, चार जावा होत्या. डागाच्या साडीवर कुणाची नजर गेली नाही.

मामांनी पेटी मागं सरकवली.

"ह्या नको."

"का?"

"रंग कच्चा हाय. पावसात उतरंल."

"उतरू द्या की. डुकराला कुठं लग्नाला जायचंय?"

"काठ बारीक हाय. त्यांना दिसायचा नाय."

"मामा, काठ वीतभर आहे," मी म्हणालो.

"तू गप रं! तुला साडीतलं काय कळतंय?"

चाळीस वर्षं गोणपाटालासुद्धा 'अंगावर खुलंल' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच आपल्या दुकानातल्या मालाला नावं ठेवताना बघत होतो. शेवटी मामांनी नाल्याकडच्या बाजूला आपली तीन धोतरं, उशांचे अभ्रे आणि, मला न विचारता, माझा टॉवेल बांधला. लांबून ते कुंपण एखाद्या लॉजच्या गच्चीसारखं दिसत होतं.

सकाळी मक्याच्या सहा ओळी आडव्या होत्या. एक धोतर चिखलात, टॉवेल नाल्यात. मामा बांधावर उभे होते.

ओसरीवर मामी साड्या पुन्हा पेटीत भरत होत्या. मी एक उलगडून उन्हात धरली. जांभळी, मोरपंखी काठाची. पदर बघितला, काठ बघितले, दोन्ही टोकं बघितली. मग दुसरी घेतली.

"नको शोधू, भाऊ," मामी म्हणाल्या. "पहिल्या साडीपास्नं मी शोधतेय. एकीतबी डाग नाय."

"मग काल बांधायला कशाला काढल्या?"

मामींनी जांभळी साडी माझ्या हातातून काढून घेतली आणि गुडघ्यावर तिची घडी घालायला लागल्या.

"म्हणलं, आता सासू नाय, जावा नायत. ऐकायला कोण हाय? आता तरी सांगतील." त्यांनी बांधाकडं बघितलं. "सहा ओळी मका घालवला, पण बोललं का माणूस?"