देवरेकाकांचा पाणीचोर

आमच्या शेजारचे देवरेकाका रोज सकाळी देवपूजेच्या आधी गाडीच्या रेडिएटरमध्ये फूटपट्टी बुडवत. पाणी बोटभर कमी भरलं की बॉनेट आपटून कॉलनीभर नजर फिरवत. "यात काहीतरी गोम आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्यालाही तेच, निवडणुकीच्या निकालालाही तेच.

पहिला संशय अर्थात माझ्यावर. "जाधव, ऐन उन्हाळ्यात तुमचा मोगरा एवढा टवटवीत कसा?" असं त्यांनी मला फाटकात अडवून विचारलं. पुढे बॉनेटला साखळी आणि कुलूप आलं. तरी पाणी कमीच. मग ते कुलूप विकणाऱ्यावर संशय घेऊ लागले.

शेवटी वैतागून मीच त्यांना अंबडच्या एका मिस्त्रीकडे नेलं. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि तो हसला.

"काका, चोरबिर कोणी नाय. पाणी तापलं की या नळीतून रस्त्यावर सांडतं. नळी एका बाटलीत सोडू, झाकण बदलू. गाडी निवली की बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेईल."

"सांडलेलं पाणी आपणहून परत येतं? यात गोम आहे."

"बाटली नाय बसवली तर एक दिवस इंजिन जाईल."

काका हळूच म्हणाले, "म्हणजे वाटेत पाणी घालायला नको?"

"नाय लागणार."

काकांचा चेहरा का पडला, ते मला कळलं नाही. बाटली मात्र बसली.

सोमवारी ते त्र्यंबकेश्वरला निघाले आणि बाटलीवर साक्षीदार म्हणून मला घेतलं. पुढच्या सीटवर पाण्याची कॅन होती, म्हणून मी मागे बसलो. अर्ध्या वाटेवर चिंचेखाली त्यांनी गाडी उभी केली. बाटली भरत आली होती. गाडी निवेपर्यंत काका तिच्यावरून नजर हटवेनात. पाणी हळूहळू उतरलं.

"गेलं परत," ते म्हणाले. गोम कुठेच नव्हती.

त्यांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. "ही दर सोमवारी कॅन मांडीवर घेऊन यायची. मी इथे झाकण उघडायचो, ही पाणी ओतायची. आता तेही काम राहिलं नाही."

काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मला फार वाईट वाटलं. त्यांना मिस्त्रीकडे मीच नेलं होतं.

"पुढे या," काका म्हणाले. मी बसलो, तशी त्यांनी ती कॅन माझ्या मांडीवर ठेवली. "घट्ट धरा. तिने कधी थेंब सांडला नाही."

त्र्यंबकपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून बसलो. काका मात्र प्रत्येक वळणावर माझ्याकडे संशयाने बघत होते.